बसलिंगप्पांची वाइनखरेदी

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या दिवशी लातुरात माणूस शोधून सापडत नाही. दुकानं बंद, हॉटेलं बंद, आणि पोरांना रविवारचीसुद्धा सुट्टी न देणारे क्लासवाले सर त्या दिवशी कुणाच्या तरी रानात भाज्या-दाण्यांची पातळ भज्जी ओरपत बसलेले असतात. अशा दिवशी सकाळी सकाळी नांदेडहून जीप घेऊन कुणी दारात उभं राहिलं आणि म्हणालं, ‘चला आबा, वाइन घ्यायला जायचंय,’ तर लोक त्याला वेड्यात काढतील. शिवकांता आपल्या बापाला नेमकं तेच म्हणाली, आणि ती पुरती शुद्धीवर होती.

कपाळाला विभूती लावता लावता बसलिंगप्पांचं बोट थांबलं.

“वाइन म्हंजी दारूच ना?”

“दारूच. बबलूच्या लग्नाला पाहिजे.”

बबलू हा शिवकांताचा एकुलता एक. विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन पुण्याला चिकटला होता, आणि माघात त्याचं लग्न होतं. कंपनीच्या पाहुण्यांसाठी पुण्यात वेगळी पंगत ठेवायची होती. ‘आई, मामाच्या बागेतली वाइन आण, आपल्याकडची म्हणून देऊ सगळ्यांना,’ असं त्यानं फोनवर सांगितलं तेव्हा शिवकांतानं त्याचं थोबाड रंगवायची भाषा करून फोन ठेवून दिला होता. मग पलंगावर बसून तिनं जरा विचार केला, आणि स्वतःच फोन लावून विचारलं, ‘किती बाटल्या लागतील रे?’

“मग जा की भावाकडं तुझ्या,” आबा म्हणाले. “मला कामून सांगून राहिली?”

“भाऊ हाय म्हणूनच भ्या वाटतंय. बहिणीला कोण वाजवी भावात देतंय? अन मला त्यातलं कळतंय काय? वांगं असतं तर दाबून बघितलं असतं.”

“अन मला कळतंय का? मी काय पेताड हाव?”

“तुम्हाला माल कळतोय, आबा. माळेगावच्या जत्रंत लोकं तुम्हाला हाताला धरून न्यायचे, बसलिंगप्पा, जरा ह्या बैलाचे दात बघा म्हणून. तुमची पोरगी नातवाच्या लग्नात फसून येणार, अन तुम्ही हितं ओट्यावर बसून राहणार. राहा बापडे. मी एकटी जाते.”

उभी हयात आबांनी बैलबाजारात घालवली होती. स्वतःला उपास घडला तरी त्यांना चालायचं, पण आपल्या माणसानं एखादी वस्तू महागात घेतली की त्यांचं पोट दुखायचं. शिवकांताला बापाची ही नस लहानपणापासून ठाऊक होती.

“त्याच्या रानात पाऊल टाकणार न्हाई मी,” ते शेवटी म्हणाले.

“रानात कोण म्हणतंय? त्याची शेड रोडलाच हाय.”

“अन आधी दुसऱ्यांचा माल बघायचा. एकच दावण बघून सौदा करत न्हाईत.”

“मी कवा न्हाई म्हणलं?”

आता ह्या बाईला वाइनशी काय घेणं होतं? काही नाही. तिला एकाच ठिकाणी जेवायचं होतं. बास, एवढीच मागणी.

भूकंपानं गावाकडचं घर पडलं, माणसं तेवढी वाचली. पत्र्याच्या शेडात संसार मांडून आबांनी त्या वर्षी बैलांचा धंदा आवरता घेतला आणि रानात द्राक्षं लावली. पडक्या घराची जी लाकडं धड होती, ती मांडवाला लावली. रोपांना पाणी घालायला आबा आणि भुजंग, बाप-लेक दोघं घागरी वाहायचे. सगळं गाव रडत बसलं होतं तेव्हा ह्या घरात रोज संध्याकाळी कुठल्या वेलाला किती पानं फुटली याच्या गप्पा व्हायच्या. ती बाग पुढं दहा-अकरा वर्षं घराला पोसत राहिली. आणि मग एका सकाळी भुजंगनं माणसं लावून, करवती घेऊन ती कापायला काढली. खायच्या द्राक्षांत आता राम उरला नाही, वाइनची द्राक्षं लावायची, असं त्याचं म्हणणं. आबा बांधावर उभे होते. पहिला वेल पडलेला त्यांनी पाहिला, पायातली वहाण झटकली आणि ते थेट लातूरच्या घरी आले. तिथं वरच्या खोल्या क्लासच्या पोरांना भाड्यानं दिल्या होत्या. त्या पोरांना पहाटे हाका मारून उठवणं हाच त्यांचा धंदा होऊन बसला. लेकाशी एक शब्द नाही की बागेचं नाव नाही. कुणी नाव काढलंच तर आबा उठून जायचे, आणि भुजंग म्हणायचा, ‘त्यांनी यावं, बघावं. मी बोलवायला जाणार न्हाई.’ दोघंही एकाच मातीचे, काय बोलणार?

तेव्हापासून चार येळवशी दोन रानांत झाल्या. आबा आणि आई देविदासच्या रानात. देविदास म्हणजे आबांचा बैलबाजारातला जुना भागीदार. भुजंग आपल्या रानात, कडब्याचा आडोसा करून मांडलेल्या कोपीत. माहेरवाशीण शिवकांता इथं अर्धी भाकरी, तिथं अर्धी भाकरी. इथले म्हणायचे, तिकडं पोट भरून आलीस. तिथले म्हणायचे, हितं जागा ठेवून खाऊन राहिलीस. मागच्या वर्षी आईनं चुलीच्या धुराचं निमित्त करून डोळे पुसले, आणि शिवकांतानं नांदेडला जाऊन नवऱ्याला, रेवणप्पाला, सांगून टाकलं, “पुढच्या येळवशीला एकाच रानात जेवीन, न्हाई तर माहेरचं नाव टाकीन.” रेवणप्पा रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी केलेला सावध माणूस. तो म्हणाला, “कर काय करायचं ते. मला मधी घेऊ नको.”

शिवम्मा, म्हणजे आई, डोक्याला पदर लावून आंबिलीची घागर घेऊन बाहेर आली. मागून भज्जीचं भलंमोठं पातेलं ड्रायव्हर रिजवाननं उचलून जीपमध्ये ठेवलं.

“दुसरं पातेलं कुठं हाय?” शिवकांतानं हळूच विचारलं. दरवर्षी आई दोन पातेली करायची. एक उघड देविदासच्या रानात न्यायला, आणि एक झाकून भुजंगकडं पाठवायला.

“यंदा एकच केलं,” आई म्हणाली.

“अन आबा अडून बसले तर?”

“तर राहतील उपाशी. मी बी राहीन. मला आता दोन चुली जमत न्हाईत, शिवा.”

आपण एकटीनं डाव मांडलाय असं शिवकांता समजत होती. पण म्हातारीनं तिच्या आधीच सगळं पणाला लावून टाकलं होतं.

रिजवान शिवकांताच्या नांदेडच्या शेजाऱ्यांचा, लालमहंमदचाचांचा मुलगा. एरवी तो गुरुद्वाऱ्याला आलेले यात्रेकरू घेऊन इस्लापूरला, सहस्रकुंडाचा धबधबा दाखवायला जायचा. आजचं भाडं निराळं होतं.

“मावशी, आमच्या अब्बाला सांगू नका हां, कुठं गेलतो ते.”

“तू बाहेर थांब बापा. आपल्या गाडीत पिणारं तरी कोण हाय?”

ते मात्र खरं होतं. गळ्यात लिंग बांधलेले म्हातारा-म्हातारी, नांदेडची सोवळी बाई आणि पाच वक्ताचा नमाजी ड्रायव्हर. असली वाइनची सहल औशाच्या रोडवर आजवर निघाली नसेल. वाइन तोंडात घेणारी गाडीत एकच होती, शिवकांतानं मुद्दाम बोलावून घेतलेली करिश्मा. भुजंगची ही पोरगी डॉक्टर व्हावी म्हणून दोन वर्षं लातूरच्या ह्याच घरात वरच्या खोलीत राहून क्लासला गेली. मार्क बरे पडले, पण ती नाशिकला जाऊन वाइन करायचं शिकून आली. आता शनिवार-रविवारी पुण्या-हैदराबादच्या लोकांना ती इकडच्या बागा हिंडवून दाखवायची. आबा तिच्याशी बोलायचे. पोरीचा काय कसूर, असं त्यांचं म्हणणं.

पहिला मुक्काम एका बड्या आसामीच्या वायनरीत. कमान, कारंजं, आत गुळगुळीत फरशी. पण येळवस ती येळवस. कोटवाला मॅनेजरसुद्धा शेजारच्या कोपीत मांडी घालून बसला होता, आणि पाहुण्यांच्या पानात बाजरीचे उंडे आणि भज्जी पडल्याशिवाय कुणी वाइनचं नाव काढलं नाही. येळवशीला वाटसरूला उपाशी सोडत नाहीत.

“थोडं खा आबा,” शिवकांता सारखी म्हणत होती. “अजून फिरायचंय.”

मग मॅनेजरनं सोनेरी कागदाची एक जाडजूड बाटली काढली. आबांनी ती हातात घेतली, तळाशी अंगठा घातला, उचलून वजन बघितलं आणि करिश्मापुढं धरली.

“तू पी. मी तुझं तोंड बघतो.”

“म्हणजे?”

“बैलाला पाणी दाखवायचं अन त्याचा घसा बघायचा. आपुण थोडंच पाणी पितो? पी तू.”

करिश्मानं पेला तिरका धरला, वास घेतला, घोट तोंडात घोळवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला.

“थुंकली,” आबा म्हणाले. “चला.”

“अहो आबा, थुंकावंच लागतं. सगळं गिळलं तर दुपारी मला धरून न्यावं लागंल.”

“चांगलं असतं तर गिळलं असतंस. अन्न कुणी थुंकतं का?”

मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शिवकांतानं पदर तोंडाला लावला. करिश्मा आजोबांना बाजूला घेऊन म्हणाली, “माल वाईट न्हाई आबा. पण ही लाल हाय, तीन वर्षं लाकडात मुरवलेली. बबलूदादाच्या पंगतीत सगळं शाकाहारी, तिखट जेवण. त्याला पांढरी पाहिजे, जरा गोडसर, मागच्या मोसमाची. ती तरणी असतानाच चांगली लागती. ठेवली की उतरली.”

“हुरड्यावानी.”

“हाव. हुरडा ज्या दिवसात खायचा त्याच दिवसात खायचा. तिचा भावबी कमी असतो, कारण तिला सांभाळायचा खर्च न्हाई. अन ही बाटली जड हाय ना? हिच्यात निम्मी किंमत काचेची हाय.”

“ते मला उचलतानाच कळलं,” आबा म्हणाले. “झूल बघून बैल घेत न्हाईत.”

दुसरा मुक्काम नागाबाईचा. ही विधवा बाई दोन एकरांत बाग आणि टेकाडाखाली छोटी वायनरी एकहाती सांभाळायची. जीप थांबायच्या आत तिनं पानं मांडली. इथंही जेवावं लागलं. रिजवाननं तर पट्टा सैल केला आणि ‘मावशी, धबधबाच बरा होता’ म्हणाला. नागाबाईची वाइन पांढरी, साध्या बाटलीतली. करिश्मानं घोट घेतला आणि याही वेळी थुंकला.

“थुंकलीस,” आबा विचार करून म्हणाले, “पण दमानं थुंकलीस. नागाबाई, ध्यानात ठेवतो मी तुझा माल.”

नागाबाईला ही तारीफ आहे की काय ते कळेना. पण म्हाताऱ्याचा चेहरा बघून तिनं ती तारीफ धरली आणि त्यांच्या पानात आणखी एक उंडा टाकला.

भुजंगच्या शेडसमोर जीप थांबली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मागं हिरवी बाग पसरली होती, आणि बागेच्या पल्याड कडब्याची कोपी दिसत होती. तिथं भुजंगच्या बायकोनं पूजेचे पाच पांडव म्हणून दगड चुन्यानं रंगवून मांडले होते. आबांनी तिकडं बघितलंच नाही. ते सरळ शेडमध्ये शिरले. भुजंग मोठ्या स्टीलच्या टाकीजवळ हात मागं बांधून उभा होता. तो बापाच्या पाया पडला. आबांनी पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

“त्याला सांग, मागच्या मोसमाची पांढरी काढ,” आबा शिवकांताला म्हणाले.

“अक्का, आबांना सांग, काढून ठेवलीय,” भुजंग म्हणाला.

दोघांत चार हातांचं अंतर होतं.

“त्याला विचार, पाणी घालतो का?”

“सांग त्यांना, पाण्याचा थेंब न्हाई.”

“त्याला विचार, मग इतकी पातळ कामून दिसती?”

“सांग त्यांना, काचंतून सगळंच पातळ दिसतं.”

शिवकांताची मान इकडून तिकडं, तिकडून इकडं. “मी काय टेलिफोन हाव का?” ती शेवटी म्हणाली. “बिल तरी कुणाच्या नावानं फाडू?”

करिश्मानं पेला भरला. पोरीनं घोट घेतला. तो गालात घोळवला, परत घोळवला, खिडकीतून बाहेर बघितलं, मग जराशानं खाली वाकून थुंकला. शिवकांतानं कपाळाला हात लावला. एक दिवस गिळलं असतं तर काय बिघडलं असतं?

पण आबा हसत होते. चार वर्षांत त्यांच्या तोंडावर असं हसू तिनं बघितलं नव्हतं.

“बापाचा माल बी थुंकती,” आबा म्हणाले. “पोरगी इमानदार हाय. पण थुंकायचं तिच्या जिवावर आलतं, मी बघितलं. माल बरा हाय.” मग काठी टेकून ते पुढं झाले. “आता माय दाखवा.”

“कुणाची माय?” शिवकांतानं विचारलं.

“मायीला बघितल्याबिगर गोऱ्हं घेत न्हाईत. ज्या दावणीत वाढलं ती दावण बघायची, मायीचा खूर बघायचा. वेल दाखवा मला.”

आणि आबा शेडच्या मागच्या दारातून बाहेर पडले, बागेत. जो माणूस रानात पाऊल टाकणार नाही म्हणत होता, तो आपल्याच धंद्याचा नियम पाळायला तरातरा रानात निघाला होता. त्याला आठवण कोण करून देणार? आईनं शिवकांताचा दंड घट्ट धरला. “बोलू नको,” ती पुटपुटली. “एक शब्द बोलू नको.”

वेलांना बारकेबारके घड लागले होते, अजून हिरवट. आबांनी एक मणी तोडून दाबला. “निस्त्या बिया,” ते म्हणाले, पण रागानं नाही. मग काठी बाजूला ठेवून त्यांनी पानं सारली आणि मायीचा खूर बघावा तसं खाली, बुडाशी बघितलं.

खोड मनगटापेक्षा जाड होतं. काळपट, सालपटं सुटलेलं, पिळा पडलेलं. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याला एक गाठ होती, आणि गाठीच्या वर नवा, सरळ वेल निघाला होता. आबांनी गाठीच्या खाली हात लावला. मग शेजारच्या वेलापाशी जाऊन तिथं लावला. मग तिसऱ्याला. तिसऱ्याच्या कडेला जो खांब होता तो घराच्या तुळईचा होता. भूकंपात पडलेल्या घराच्या.

“हे जुनं खोड हाय,” आबा म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

भुजंग ओळीच्या टोकाला उभा होता. “अक्का,” तो म्हणाला, “सांग त्यांना. वरचं कापलं, खोडाला हात लावला न्हाई. त्याच्यावरच कलम बांधलं. एवढ्या खोल गेलेल्या मुळ्या नव्या रोपाला कुठून आणू मी? एक बी वेल उपटला न्हाई. सगळे तिथंच हायत.”

“त्याला विचार,” आबा म्हणाले. त्यांनी गाठीवरून अंगठा फिरवला. “त्याला विचार, मला सांगितलं कामून न्हाई?”

“सांग त्यांना, बांधावरून निघून जाताना मी हाक मारलती. त्यांनी मागं बघितलं न्हाई.”

शिवकांतानं दोघांपैकी कुणाला काहीच सांगितलं नाही. तिला रडू फुटलं होतं, आणि रडताना टेलिफोन चालत नाही. चार वर्षं! म्हातारा समजत होता की आपण लावलेली बाग मेली, आणि ती तर इथं उभी होती, रोज पाणी पीत होती. कुणी चार पावलं चालत आलं असतं तरी दिसली असती. तिला दोघांचाही राग आला, आणि स्वतःचाही, कारण दरवर्षी इथं येऊन तीही कोपीपासूनच मागं फिरत होती.

आबा तिथंच मातीत बसले. डोक्याचा रुमाल सोडला, झटकला आणि उजव्या हातावर पसरला. मग तो हात त्यांनी भुजंगच्या दिशेनं पुढं केला.

करिश्माला काही कळेना. “हे काय, आत्या?”

“सौदा,” शिवकांता डोळे पुसत म्हणाली. “बैलबाजारात भाव तोंडानं सांगत न्हाईत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. कुठलं बोट दाबलं त्यावरून भाव. बघणाऱ्याला कळत न्हाई, अन बोलावं लागत न्हाई.”

भुजंग येऊन बापासमोर बसला. बैलबाजारात बापाच्या मागं हिंडत तोही लहानाचा मोठा झाला होता, त्याला बोटांची भाषा कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं हात रुमालाखाली घातला. दोघांची तोंडं गंभीर, नजर भलतीकडं, सौद्यात असते तशी. रुमाल हलला. थांबला. परत हलला. भुजंगनं मान हलवून नकार दिला. आबांनी परत काहीतरी दाबलं. भुजंगनं आणखी जोरात मान हलवली.

शिवकांता पर्स काखोटीला धरून उभी होती. आबा भाव पाडत असणार, आणि भुजंग देत नसणार. ती मनातल्या मनात म्हणाली, पाडा आबा, पण लई पाडू नका. आज लई पाडू नका.

सौदा संपायला लागतो त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ते हात रुमालाखाली राहिले. मग भुजंगनं मान वर केली आणि चार वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून बापाशी बोलला.

“आबा, एवढं न्हाई. मी एवढं मागितलंच न्हाई.”

“मी देऊन राहिलो.”

“तुम्ही गिऱ्हाईक हाव. गिऱ्हाईक भाव चढवतं का?”

“आबा,” शिवकांता पुढं झाली, “तुम्ही माझ्या बाजूनं हाव का त्याच्या? पैसे माझे हायत.”

“असू दे.”

“असू दे काय? मी तुम्हाला भाव कमी करायला आणलं. नागाबाईकडं बरी मिळत होती की.”

आबांनी रुमालाखालचा हात काढला नाही. भुजंगचाही त्यांनी सोडला नव्हता.

“तुझ्या बबलूला सांग,” ते म्हणाले, “ही बाग भूकंपाच्या साली माझ्या हातानं लावलेली हाय. माझ्या बागेचा माल मी स्वस्तात जाऊ देतो का?”

शिवकांतानं पर्स उघडली. एरवी भाजीवाल्याशी एका जुडीसाठी भांडणारी ती बाई त्या दिवशी तोंडातून शब्द न काढता फसली, आणि तिनं नोटा मोजून दिल्या. आई मात्र थांबलीच नव्हती. आंबिलीची घागर कडेवर घेऊन ती केव्हाच कोपीकडं चालू लागली होती, आणि मागं न बघता ओरडून सांगत होती, भज्जी गार होऊन राहिलीय, सगळ्यांनी या.